‘हलक्या फ्लीस’साठी ११,४२० रुपये गेले. ट्रेकला निघणाऱ्यांनी आधी हे वाचा

चार जॅकेटांचे १०,६००, पाठवणीचे १८० आणि माल परत पाठवायला कुरिअरला भरलेले ६४०. एकूण ११,४२० रुपये. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण त्याहून मोठा संताप याचा आहे की ऑनलाइन मागवलेला माल खोटा निघाला तरी पार्सल हातात पडलं एवढ्या एका कारणावरून आमची तक्रार कुणी धड लिहूनसुद्धा घेत नाही.

जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जायचं ठरलं होतं. मी, बायको, मेहुणे आणि भाचा. बडोद्याजवळच्या पावागडावर सराव सुरू होता. चढताना जाड फ्लीसमध्ये, म्हणजे त्या मऊ, उबदार कृत्रिम कापडात, घाम कोंडतो आणि थांबलं की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते, हे ट्रेक करणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून आम्हाला अल्फा डायरेक्ट जातीचं कापड हवं होतं. जाळीदार पायावर उभे मऊ तंतू, चौरस मीटरला ९० ग्रॅम वजन, उजेडाकडे धरलं तर पलीकडचा उजेड दिसतो. नुसतं घातलं तर वारा आरपार जातो, म्हणून थांबल्यावर वरून पातळ विंडचीटर चढवायचा. बडोद्याच्या दुकानांतून फिरलो, पण सगळीकडे तेच जाड पोलर फ्लीस दाखवत होते.

मग इन्स्टाग्रामवर ते पेज दिसलं. लुधियानाचा एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीतून उरलेला माल, नग २,६५० रुपये, वजन १३० ग्रॅम, पैसे आधी. यापुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पण मी डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. व्हिडिओ कॉल करायला लावला. विक्रेत्याने कापड मोबाइलच्या टॉर्चपुढे धरलं, उजेड स्वच्छ आरपार आला. ग्राहकाने याहून काय तपासायचं? यूपीआयवर पेजचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, हे खरं. पण आपल्या बडोद्याच्या मांडवी बाजारातल्या निम्म्या दुकानांत क्यूआर कोडवर मालकाच्या मुलाचं नाहीतर भावाचंच नाव येतं. तेवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही.

पैसे पोचल्यावर त्याने विचारलं, “सर, निकलना कब है?” आम्हाला वाटलं, माणूस वेळेची काळजी घेतोय. आम्ही तारीख सांगितली. सगळा डाव त्या तारखेवर होता.

आणि तो मेसेज! पार्सल निघाल्याचा कुरिअरचा मेसेज आला, त्यात वजन लिहिलं होतं १.७८ किलो. १३० ग्रॅमची चार जॅकेटं म्हणजे ५२० ग्रॅम. मग वरचा सव्वा किलो कशाचा? खोक्याचा? हा मेसेज मी वाचला होता, बायकोलाही दाखवला होता. तेव्हाच फोन करून पार्सल थांबवायला सांगितलं असतं तर निदान कुरिअरच्या नोंदीत काहीतरी राहिलं असतं. रात्री अंथरुणावर पडलो की आजही तो आकडा डोळ्यांपुढे येतो. पण आठवड्यावर ट्रेक आलेला, रजा, रेल्वेची तिकिटं, भाड्याने आणायचे बूट, यात कुरिअरच्या वजनाचा हिशेब कोण करत बसतो?

पार्सल आलं निघायच्या आदल्या संध्याकाळी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक जॅकेट ठेवलं तर ४१५ ग्रॅम. ट्यूबलाइटपुढे धरलं, उजेडाचा ठिपका दिसेना. मानेमागचं लेबल नखाने उचकटलं तर खाली आधीच्या लेबलच्या शिवणीची भोकं रांगेत दिसली. बाजारातलंच साधं फ्लीस, वर नवं लेबल मारलेलं.

त्याच रात्री फोटो पाठवले. उत्तर आलं, “सर, आप ट्रेक कर के आइए, एक्सचेंज कर देंगे.” दुसरं काही आणायला वेळच नव्हता, तीच घालून निघालो. शिखराच्या चढाला भाच्याचा आतला टीशर्ट पिळून काढावा इतका ओला झाला आणि वर वाऱ्यात पोरगा कुडकुडायला लागला. मी माझा कोरडा शर्ट त्याला दिला. जिवाशी खेळ आहे हा, नुसती पैशाची गोष्ट नाही. परत आल्यावर उत्तर तयार होतं: वापरलेला माल घेत नाही. भांडल्यावर एक पत्ता दिला. तिथे पाठवलेलं पार्सल ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, आणि नंबर ब्लॉक.

पोलिसांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, “माल तो मळ्यो ने?” मिळाला ना, मग हा सायबर गुन्हा नाही, ग्राहक मंचात जा. ग्राहक हेल्पलाइनने तक्रारीचा नंबर दिला आणि विक्रेता प्रतिसाद देत नाही म्हणून तक्रार बंद केली. अहो, प्रतिसाद देत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पुन्हा पोलिसांकडे गेलो, निदान त्या यूपीआय खात्याचा माणूस कोण ते शोधा म्हटलं, तर साहेब मीटिंगमध्ये. बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी साध्या कागदावरचा अर्ज घेतला, त्यावर पोचसुद्धा मागून मागून मिळाली. लेबल बदलून माल विकणं हा गुन्हा नाही तर काय आहे?

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. बिलावरचा जीएसटी नंबर पाहा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. पंजाबचा ०३, आपल्या गुजरातचा २४. आमच्या ‘लुधियाना’च्या बिलावर ०७ होता, म्हणजे दिल्ली. नंबर सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला की नाव निघतं. निघायची तारीख विक्रेत्याला कधीही सांगू नका, विचारलीच तर पंधरा दिवस अलीकडची सांगा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, त्यात काटाही दिसू द्या. माल खोटा निघाला तर अंगाला लावू नका. पैसे गेले आणि मालच आला नाही तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. लुधियानाला जा म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. सोबत कुरिअरची पावती, वजनाचा मेसेज, काट्यावरचे फोटो आणि पोचेची प्रत जोडली आहे. चारही जॅकेटं न धुता पिशवीत बांधून ठेवली आहेत. अशीच लेबल बदललेली फ्लीस बडोद्यात आणखी कुणाच्या घरी आली असतील तर टाकून देऊ नका, आपलाही अर्ज द्या.