गड्ड्याची बडीशेप उष्ण हवामानात: थेट पेरावी की रोपं लावावीत?

गड्ड्याची बडीशेप, म्हणजे देठांचे बुडखे फुगून जमिनीलगत जिचा खायचा गड्डा होतो आणि पाकिटावर जी ‘फ्लोरेन्स फेनेल’ नावाने मिळते ती, उष्ण भागात फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. गड्डा भरायच्या आधीच मधून फुलाचा दांडा वर येतो. कांद्याला डेंगळे येतात तसाच हा प्रकार. दांडा छाटला तरी गड्डा पुन्हा भरत नाही. तो लांबट, दोरेदार होतो आणि आतून टणक लागतो. म्हणून पेरणी की रोप, वाफा की कुंडी, कुठलं वाण, असा कुठलाही निर्णय घेताना आधी एवढंच विचारावं: याने दांडा येणं लांबणीवर पडेल की तो लवकर येईल?

दांडा येण्याची कारणं चार: मोठा दिवस, सततची उष्णता, पाण्याचा ताण आणि मुळांना बसलेला धक्का. दिवस साधारण साडेतेरा तासांच्या पुढे गेला की हे झाड फुलोऱ्याकडे वळतं. थंड देशांतली बागकामाची माहिती वाचली की सगळा भर या दिवसाच्या लांबीवर दिसतो. पण २० अक्षांशावर वर्षातला सर्वात मोठा दिवसही जेमतेम १३ तास २० मिनिटांचा असतो. म्हणजे विषुववृत्ताच्या जवळ जितकं जावं तितका दिवसाच्या लांबीचा प्रश्न मागे पडतो आणि उरलेली तीन कारणं खरी त्रास देतात. सुदैवाने त्यातली दोन, पाणी आणि मुळं, पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

पेरणीची तारीख उलटी मोजून काढावी. पेरणीपासून काढणीपर्यंत ८० ते १०० दिवस लागतात आणि शेवटच्या महिन्यात, म्हणजे गड्डा भरताना, दिवसाचं तापमान १५ ते २४ अंशांत असेल तर उत्तम. तुमच्याकडे दुपारचं तापमान रोज ३० च्या वर जायला लागतं ती वेळ धरा आणि तिथून किमान १०० दिवस मागे या. ही झाली उशिरात उशिराची पेरणी. त्याआधी जितकं लवकर पेरता येईल तितकं चांगलं, पण माती अजून तापलेली असते. पेरणी आणि रोप यांतली निवड करायची वेळ येते ती इथे.

थेट पेरणी

या झाडाला सोटमूळ असतं आणि ते खोल जातं. बी जागेवरच पडलं तर ते मूळ न मोडता सरळ उतरतं, झाड एखाद्या दिवसाची पाण्याची हयगय सोसतं आणि दांडा येण्याचा धोका सर्वांत कमी राहतो. थेट पेरणीच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

अडचण सुरुवातीच्या दोन आठवड्यांची. बी १ सेंटिमीटर खोल पडतं, म्हणजे मातीच्या अगदी वरच्या थरात, आणि उष्ण हवेत नेमका तोच थर दुपारपर्यंत कोरडा होतो. उगवायला ७ ते १४ दिवस लागतात. मध्ये एकदा जरी थर सुकला तरी कोंब मरतो आणि ओळीत खिंडारं पडतात. उपाय सोपा आहे, पण तो नेटाने करावा लागतो. बी रात्रभर भिजवावं, पेरायच्या आधी चर भरपूर ओला करावा, वरून चाळलेलं कंपोस्ट टाकावं आणि कोंब दिसेपर्यंत ओलं गोणपाट किंवा शेडनेट अंथरावं. पहिला हिरवा धागा दिसला की गोणपाट त्याच दिवशी उचलायचं, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुळकी होतात.

विरळणी टाळू नये. अख्खा दाणा हे दोन जोडलेल्या बियांचं फळ असतं, त्यामुळे एका दाण्यातून दोन रोपंही येतात. रोपं ५ सेंटिमीटर झाली की २५ सेंटिमीटरवर एक ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत. उपटली तर शेजारच्या रोपाचं मूळ हलतं.

रोपं लावणं

याचा फायदा वेळेचा. माती तापलेली असतानाच सावलीत, हवेशीर जागी ट्रेमध्ये बी उगवून घेता येतं. तापमान उतरलं की चार आठवड्यांची रोपं वाफ्यात जातात. ज्यांचा थंड हंगाम आखूड आहे त्यांना हे चार आठवडे फार मोलाचे.

पण रोप लावताना मूळ दुखावलं तर मिळवलेला वेळ दांड्याच्या रूपाने परत जातो. म्हणून ट्रेमधला कप्पा किमान ५ सेंटिमीटर खोल असावा, शक्यतो कागदाचा किंवा आपोआप कुजणारा, म्हणजे रोप कप्प्यासकट लावता येईल. एका कप्प्यात एकच रोप. तीन-चार खरी पानं आली की लावणी करायची. पाच आठवड्यांच्या पुढे थांबू नये. कप्प्याच्या तळाशी मुळांचा वेढा दिसत असेल तर ते रोप सरळ टाकून द्यावं, कारण ते जगेल पण त्याला गड्डा धरण्याची आशा नाही. माती झाडून, उघड्या मुळांची रोपं लावणं या पिकात चालतच नाही. लावणी संध्याकाळी करावी, आधी ट्रेला पाणी द्यावं आणि रोप ट्रेमध्ये होतं त्याच पातळीवर ठेवावं. मधला कोंब मातीत गेला तर तो कुजतो.

| | थेट पेरणी | रोपं |
|---|---|---|
| दांडा येण्याचा धोका | कमी | मूळ दुखावल्यास जास्त |
| वाफा किती दिवस अडतो | ८० ते १०० | ५५ ते ७५ |
| बियाणं | जास्त लागतं | मोजकं |
| नाजूक काळ | उगवण | लावणीनंतरचा आठवडा |
| तण | सुरुवातीला फार जपावं लागतं | त्रास कमी |

निर्णय असा: सौम्य हवेचे सलग चार महिने मिळत असतील तर डोळे झाकून थेट पेरा. तीन महिन्यांच्या आतबाहेर मिळत असतील तर रोपंच करा. त्याहूनही कमी असतील तर गड्ड्याच्या नादी न लागता पानांसाठी आणि बियांसाठी साधी बडीशेप लावलेली बरी.

वाफा की कुंडी

इथे फार घोळ नाही. जमीन असेल तर वाफा. कुंडीच्या भिंती उन्हात तापतात, मुळं भिंतीलाच टेकलेली असतात आणि पाण्याचा ताण सर्वांत आधी तिथे पडतो. कुंडीच हवी तर खोली ३० सेंटिमीटर, रंग फिकट आणि २५ सेंटिमीटर रुंदीला एकच झाड. जमेची बाजू म्हणजे दुपारी ती सावलीत हलवता येते. माती चिकण आणि पाणी साचणारी असेल तर मात्र कुंडी किंवा उंच गादीवाफाच बरा.

वाण

मसाल्याच्या बडीशेपेचं बी पेरून गड्डा मिळत नाही. ते वेगळंच वाण आहे. गड्ड्याच्या वाणांत ‘झेफा फिनो’ हे दांड्याला दाद न देणारं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण, ‘ओरियन’ हे एकसारखे, भरदार गड्डे देणारं संकरित वाण. ‘रोमानेस्को’चा गड्डा मोठा, पण त्याला सावकाश थंड होत जाणारा हंगाम लागतो, उष्ण भागात पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नये. बी घरचं धरायचं असेल तर ‘झेफा फिनो’ घ्या, कारण संकरिताची पुढची पिढी एकसारखी येत नाही. आणि जवळपास साधी बडीशेप फुलली असेल तर दोन्हींचा संकर होतो, हे ध्यानात असू द्या.

भर लावावी का?

गड्डा अंड्याएवढा झाला की त्याच्या निम्म्यापर्यंत माती ओढण्याची पद्धत आहे. त्याने गड्डा पांढरा आणि कोवळा राहतो. उष्ण, दमट मातीत मात्र याच मातीने पापुद्र्यांमध्ये कूज शिरते आणि खडे अडकतात ते वेगळंच. अशा ठिकाणी गड्ड्याभोवती पुठ्ठ्याचं कडं लावावं, किंवा नुसतं ५ सेंटिमीटर वाळल्या गवताचं आच्छादन पुरे. वारा असेल तर आधारापुरती दोन बोटं माती चालते.

पाणी थोडं-थोडं पण न चुकता द्यावं. कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं की गड्डा तडकतो. कोवळी पानं आतून तपकिरी पडायला लागली तर बहुधा पाणी अनियमित आहे आणि त्यामुळे कॅल्शियम वरपर्यंत पोहोचत नाही. आणखी खत टाकून ते सुधारत नाही. खत म्हणून पेरणीआधी चौरस मीटरला ३ ते ४ किलो मुरलेलं कंपोस्ट पुरतं. नत्र जास्त झालं तर पानांचा पिसारा वाढतो, गड्डा बारीक राहतो आणि मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो. मावा दिसला तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून काढावा.

काढणीत लोभ नको. थंड हवेत १० सेंटिमीटरचा गड्डा मिळतो, उष्ण भागात ७-८ सेंटिमीटरवर काढावा. गड्डा रुंद व्हायचा थांबून वरच्या दिशेने निमुळता व्हायला लागला की आत दांडा सुरू झाला असं समजायचं आणि त्याच दिवशी कापायचं. कापताना जमिनीवर २ सेंटिमीटर खुंट ठेवावा. पाणी चालू ठेवलं तर त्याला बोटाएवढे नवे कोंब फुटतात. ज्या झाडांचे दांडे आधीच वर गेले असतील त्यांतली एक-दोन तशीच फुलू द्यावीत, कारण ज्यांच्या अळ्या माव्यावर जगतात अशा माश्या त्या फुलांवर येतात.