पुरात भिजलेला मायक्रोस्कोप आणि लक्ष्मीपुरीतले मामा

2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं घर पाण्यात होतं. पुस्तकांचा लगदा झाला. मायक्रोस्कोप तेवढा वाचला, पण उघडायचं धाडस झालं नाही. ज्या भिंगातून 26 वर्षं पोरांना शिळ्या पावावरची बुरशी दाखवली, त्याच भिंगावर बुरशी!

अखेर लक्ष्मीपुरीत चष्मे-दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानात नेला. तिथल्या मामांनी आधी साबणानं हात धुतले, मगच भिंगाला हात लावला. मी म्हटलं, "सेमेलवाइस आठवला!" मग काय, तासभर गप्पा. 1847 मध्ये व्हिएन्नात या हंगेरियन डॉक्टरानं बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, बाळंतिणी वाचल्या. पण पटलं किती जणांना? 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून गेला. वय 47. नववीच्या वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवर्षी अडकायचा. माझी आजी बाळंतपणातच गेलेली.

"बाई, शहाण्याचं घरात कोण ऐकतंय?" मामा स्क्रूमधलं वाळलेलं ग्रीस खरवडत म्हणाले.

आता तक्रार. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, फोन उचलत नाहीत, पावती मागितली तर हसतात. 650 रुपये मात्र वाजवी.

घरी येऊन कांद्याचा पापुद्रा ठेवला. पेशी लख्ख! डोळा लावतो त्या आयपीसच्या काचेवर बुरशीनं कोरलेला एक जाळीदार डाग राहिलाय. तो निघणार नाही, हे मामांनी आधीच सांगितलं होतं.