उद्यमबागेत बांधलेली कॅम्पर: अकरा महिने आणि एक किन्नौर-स्पिती

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ही कॅम्पर, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय केलेली गाडी, ताब्यात आली. आज अकरा महिने झाले आणि मीटरवर चौदा हजारांची भर पडली. त्यातले सहा हजारांना थोडे कमी किलोमीटर एकाच फेरीचे, बेळगाव ते हिमाचलातल्या स्पितीमधलं काझा आणि परत. तिलकवाडीत गाडी दारात उभी असली की रोज एखादा तरी थांबतो, आत डोकावतो आणि तेच चार प्रश्न विचारतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी गाडी. २०१८ ची जुनी बारा सीटर मिनीबस, डिझेल. कंपनी सांगत नाही, सांगितली की लोक त्यावरच भांडत बसतात. बीएस-४, म्हणजे धुराच्या आधीच्या नियमांतली, मुद्दाम शोधून घेतली. नव्यांपैकी बऱ्याच डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावण घालावं लागतं आणि ते उणे ११ अंशांना गोठतं, ती एक कटकट टळली. सीटा काढून मागं आडवा पलंग केला, डाव्या हाताला ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी, छतावर ४०० वॉटची पॅनेलं, २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि बारा व्होल्टवरचा फ्रिज. काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये केलं. ज्या गावात क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे पार्ट बनतात तिथं पलंग-ओटा बसवणं काय मोठं, असा माझा हिशेब. वेल्डिंगला आजही नाव ठेवायला जागा नाही. वजनाचं विचारलं तेव्हा मात्र मिस्त्री म्हणाला, "वजनाचं काय घेऊन बसलाय सर, चेसिस दणकट आहे की." मी मान डोलावली. बॅटरी मागच्या पायरीखाली, बाहेरून पेटी करून बसवायची, हीसुद्धा माझीच टूम. आत ओट्याखाली पिंपभर तांदूळ मावावेत म्हणून. या दोन गोष्टींनी पुढं माझी पुरती जिरवली.

पहिले आठ-नऊ महिने इकडंच फिरलो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, तिलारी, दांडेली. आपल्याकडं कॅम्परला खाते ती ओल. जुलैत आंबोलीला दोन रात्री राहिलो. जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं छताला भोक पाडून बसवलेला पंखा गळणार नाही असं मी का मानलं होतं, देव जाणे. गादी उचलली तर खाली काळी बुरशी, आणि ओट्याचा साधा प्लाय फुगून ड्रॉवर उघडेना. गादीखाली फळ्यांची जाळी केली, प्लाय बदलून पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घातला, तेव्हा कुठं ओल गेली. ज्यांना फक्त घाट आणि कोकण करायचं आहे त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल. त्या कामाला गाडी उत्तम आहे.

आता उत्तरेचं. गणपती विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी बायको, मुलगा आणि मी निघालो. काकतीवरून जाणारा आपला ४८ नंबरचा हायवे, जुना एनएच-४, न सोडता पळत राहिलं की पुणे, मुंबई, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत तो थेट दिल्लीत नेऊन सोडतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ढाबे आणि टोल. पुढं ४४, अंबाला-चंदीगडचा तुकडा, आणि मग ५ नंबर. हा शिमला, रामपूर, पूह करत तिबेटच्या हद्दीवर शिपकी ला खिंडीपाशी संपतो. डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, सुरू झालेला हाच तो जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता. आपण खाबपर्यंतच त्याच्याबरोबर जायचं. तिथं स्पिती नदी सतलजला मिळते आणि ५०५ नंबर वर काझाकडं वळतो. भारतीयांना या वाटेवर परमिट लागत नाही.

किन्नौरात सफरचंदांचा हंगाम होता. समोरून पेट्यांनी भरलेले ट्रक, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल सतलज. तरंडाजवळ कातळ कोरून रस्ता काढलाय, डोंगर डोक्यावर येतो. ट्रक जातात तिथं आपली गाडी सहज जाणार हे माहीत असूनही बायको प्रत्येक वेळी मान खाली घालायची. चढाला इंजिनानं तक्रार केली नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मुकाट चढत राहिलं. उतारावर मात्र वजन कळलं. ब्रेकचा वास यायला लागला तशी थांबून पाण्याची अर्धी टाकी रस्त्याकडेला सोडून दिली. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, आणि तेही मागच्या चाकाच्या पार मागं. तिथून पुढं टाकी कधीच निम्म्याच्या वर भरली नाही. पाणी गावोगावी मिळतं.

तेच ओझं नाकोच्या पुढच्या एका नाल्यात परत नडलं. पुढची चाकं पाण्यातून वर चढली, मागची खड्ड्यात बसली आणि चाकामागं लोंबणारा सगळा भाग दगडावर घासत गेला. पायरी वाकली. बॅटरीच्या पेटीचा कोपरा चेपला, आतलं सगळं शाबूत राहिलं हे नशीब. मागं उभ्या जीपवाल्यानं उतरून बघितलं आणि म्हणाला, "इतना पीछे क्यों निकाला?" काय उत्तर देणार? तांदळासाठी.

सुमदोच्या चौकीवर नोंद करायला थांबलो. नंबरप्लेटवरचं केए-२२ बघून एक जवान जवळ आला आणि मराठीतच विचारलं, "बेळगाव काय?" तो खानापूर तालुक्यातला निघाला. गाडी कर्नाटकची आणि मंडळी मराठी, हे बाकीच्या महाराष्ट्राला दर वेळी समजावून सांगावं लागतं, तिथं काही सांगायची गरज पडली नाही. कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, एक डबा त्याला दिला. "यंदा पाऊस कसा झाला?" एवढंच त्यानं विचारलं.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवतात ते मठाबाहेरचे पिवळे पडलेले पॉप्लर. ऑक्टोबर लागला होता, आकाश निळंभोर, ऊन चटके देणारं आणि सावलीत पाऊल टाकलं की हुडहुडी.

काझाची उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथली पहिली सकाळ सांगतो, कारण या अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त शिकलो ते त्या दोन तासांत. साडेआठ वाजलेले, छतावर लख्ख ऊन, आणि सोलरच्या कंट्रोलरवर आकडा शून्य. वायरी तपासल्या, फ्यूज काढून घातला, पॅनेल पुसलं. शून्यच. मग डोक्यात प्रकाश पडला. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, केली तर कायमची खराब होते. म्हणून तिच्यातलं सर्किट स्वतःच चार्जिंग तोडतं. पेटी रात्रभर बाहेर, उणे चार-पाचात. बॅटरी गारठली होती आणि शहाण्यासारखी घ्यायला नाही म्हणत होती. वीज वापरता येत होती, भरता येत नव्हती. बायकोनं गरम पाण्याची पिशवी भरली, पेटी उघडून बॅटरीच्या अंगाला लावली आणि वरून घोंगडं पांघरलं. सासूबाईंनी बळेच गाडीत टाकलेलं, काळं, टोचणारं धनगरी घोंगडं. मी त्यावरून केवढा वाद घातला होता. पाऊण तासानं पिशवी एकदा बदलली. दहाच्या सुमारास कंट्रोलर टक् वाजला आणि आकडा चढायला लागला. पुढच्या तिन्ही रात्री घोंगडं बॅटरीला, आम्हाला नुसत्या रजया.

सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, पहाडात बरीच वर्षं काढलेली. त्यांना फोनवर सांगितलं तर हसले. "आम्ही सकाळी ट्रकच्या टाकीखाली शेकोटी करायचो. तुम्ही ते करू नका. गाडी उताराला लावा आणि तोंड उगवतीकडं ठेवा." दुसऱ्या दिवसापासून तसंच केलं. सकाळचं पहिलं ऊन काचेतून आत येतं, आतला गारठा लवकर मोडतो. कुठल्याही व्हिडिओत हे ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकाचं थोडक्यात. ब्युटेनच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी तिथं घेऊन जाऊ नका. थंडीत ब्युटेनची वाफ नीट होत नाही, ज्योत फुरफुरते आणि विझते. मी डबा रात्री रजईत घेऊन झोपायचो. पाणी तिथं ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा कुकर हवाच, नाहीतर भात कणी धरतो. खिडकी बोटभर उघडी ठेवा. तीन माणसांच्या श्वासाचं पाणी पत्र्यावर आतून गोठतं आणि ऊन आलं की तोंडावर ठिबकतं. आंबोलीची ओल काझात बर्फ होऊन भेटली, दुसरं काय.

पुढं कुंझुमवरून मनालीला उतरायचा बेत होता. लोसारच्या पलीकडचे नाले आणि माझी वाकलेली पायरी यांचा विचार केला आणि आलो त्याच वाटेनं परतलो. मुलगा दोन दिवस फुरंगटला होता.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: गाडी साडेपाच लाख, आतलं काम पावणेसात, त्यानंतरच्या दुरुस्त्या आणि फेरफार साठ हजार. अॅव्हरेज हायवेला अकरा, चोर्ल्याला नऊ, किन्नौरात साडेसात. पोवारीला डिझेलची टाकी फुल केली ती मग काझालाच भरली, मधे चिंता वाटली नाही. सीटा काढून पलंग टाकणं हा गाडीतला बदल धरला जातो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्याला. तो आरसीवर आधी चढवून घ्या, मग कटरला हात लावा. वाटेत दोनदा कागद बघितले गेले, दोन्ही वेळा ती नोंद उपयोगी पडली.

इकडच्या घाट-कोकणातल्या वापराला माझ्याकडून दहापैकी साडेआठ. उत्तरेसाठी, निघालो तेव्हा जशी होती तशी गाडी, पाच. आता बॅटरी पलंगाखाली आत आली आहे, मागचा भाग सव्वा फूट कापून घेतला आणि पाण्याची टाकी पन्नास लिटरची केली. मिस्त्रीच्याच शेडमध्ये. कापताना तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हणणार होतो सर." तांदूळ सध्या पाच किलोच्या डब्यात मावतो. येत्या शनिवारी तिलारी. घोंगडं गाडीतच आहे.