व्हिडिओत छान घरंगळलेले इंजिन

गेल्या वर्षी मी मॉडेल रेल्वेसाठी एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले, सहा आसांचे एक वापरलेले डिझेल इंजिन विकत घेतले. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या: पाच पोलची मोटर (पोल म्हणजे तिच्या फिरत्या भागाचे तार गुंडाळलेले दात), मोटरच्या दोन्ही टोकांना भरीव पितळी फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरची जड चाके, आणि अगदी कमी करंट. तिन्ही खोट्या निघाल्या. माझे पैसे गेलेच, पण इंजिन हातात येण्याआधीच मी त्याचे इतके कौतुक केले होते की एका मित्राने माझ्या शब्दावर त्याच विक्रेत्याकडून तसलेच दुसरे घेतले. ते मला जास्त लागले आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

मला भुरळ पडली ती व्हिडिओची. विक्रेत्याने चालत्या इंजिनाचा कंट्रोलर शून्यावर आणला. इंजिन लगेच थांबले नाही, तीन-चार डब्यांच्या लांबीइतके पुढे घरंगळत गेले आणि अलगद उभे राहिले. मागून आवाज आला, "बघा, ही फ्लायव्हीलची ताकद." मला ते पटले, कारण फ्लायव्हीलचे काम तेच असते. या इंजिनांत मोटर आणि चाकांमध्ये वर्म गिअर असतो. मोटर चाकांना फिरवते, पण चाके उलट मोटरला फिरवू शकत नाहीत. त्यामुळे वीज तुटून मोटर थांबली की चाके जागीच आवळली जातात आणि इंजिन हिसका देऊन उभे राहते. मोटरच्या शाफ्टवर जड फ्लायव्हील असेल तर तिच्यात साठलेला जोर मोटरला आणखी काही फेरे फिरवतो आणि रुळावरचा मळकट तुकडा इंजिन न अडखळता पार करते.

माझ्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. त्या इंजिनात डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळातून डिजिटल आदेश घेऊन मोटर चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी, होता. डिकोडरमध्ये सीव्ही ३ आणि सीव्ही ४ ही दोन सेटिंग असतात. पहिल्याने वेग किती सावकाश वाढायचा ते ठरते, दुसऱ्याने किती सावकाश कमी व्हायचा. सीव्ही ४ मध्ये मोठा आकडा भरला की फ्लायव्हील अजिबात नसलेले इंजिनही शून्याचा आदेश मिळाल्यावर लांबवर घरंगळत जाते, कारण रुळात वीज पूर्ण असते आणि डिकोडरच मोटरला हळूहळू थांबवत असतो. व्हिडिओत जे दिसले ती डिकोडरची करामत होती. फ्लायव्हील कितपत खरी आहे ते रुळाची वीजच तोडल्याशिवाय कळत नाही. (वीज तुटल्यावर क्षणभर साठवलेली वीज पुरवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर जोडलेला असेल तर तेही नाही. तो आधी काढायला सांगा.)

माझा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, साध्या डीसीवर चालतो, त्याला डिकोडर लागत नाही. मी डिकोडर काढला, त्या जागी साधा जोडणीचा प्लग बसवला आणि इंजिन रुळावर ठेवले. अर्ध्या वेगावर असताना वीज बंद केली. इंजिन जिथल्या तिथे थांबले, मागचा डबा त्यावर आपटला. शिवाय मधल्या वेगाला सगळे इंजिन थरथरत होते.

वरचे शेल काढल्यावर दोन सोनेरी सिलिंडर दिसले आणि क्षणभर वाटले की आपणच विक्रेत्यावर उगाच संशय घेतला. मग एक पुलरने काढून मोजला. व्यास १६ मिलिमीटर, लांबी १२, मधले भोक २. एवढ्या आकाराचे पितळ सुमारे २० ग्रॅम भरायला हवे. काट्याने ६ ग्रॅमच्या थोडे वर दाखवले. कडेला पात्याने खरवडले तर सोनेरी लाखेखालून पांढरा ॲल्युमिनियम निघाला. भोकही नीट मध्यावर पाडलेले नव्हते. थरथर त्याचीच होती.

वजनाचा एवढा आग्रह का, तर साठणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर तसली एक पितळी फ्लायव्हील साधारण ०.३५ ज्यूल साठवते, ॲल्युमिनियमची त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. वेग दहापट घटला तर खऱ्या पितळाचीही ऊर्जा शंभरपट घटते. म्हणून "फ्लायव्हीलमुळे इंजिन मुंगीच्या पावलाने चालते" असे कोणी सांगितले तर तेही अर्धेच खरे माना. फ्लायव्हील मोटरचे बारीक झटके पचवते हे खरे, पण संथ चाल मुख्यतः मोटर, गिअरचे प्रमाण आणि चाकांतून नीट वीज उचलली जाणे यांवर अवलंबून असते.

मोटरकडे वळलो. वर्म सोडवून शाफ्ट बोटांनी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवला. सहा ठिकाणी ती स्पष्ट अडकत होती. दोन चुंबकांमधली तीन पोलची मोटर फेऱ्यात सहा वेळा अडकते, पाच पोलची दहा वेळा आणि तेही खूप हलके. तिरक्या खाचांच्या आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) तर बोटाला जवळपास काहीच जाणवत नाही. खात्रीसाठी मागच्या फटीतून टॉर्च टाकून कम्युटेटरचे, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याचे, तुकडे मोजले; ते पोलांइतकेच असतात. तीनच होते.

करंटचा आकडा त्याने बहुधा इंजिन उलटे धरून, चाके हवेत फिरवत घेतला असावा. तसा आकडा कशाच्याच कामाचा नाही. मी १२ व्होल्टवर चाके क्षणभर दाबून धरली तर मीटर १.४ अँपिअरला गेला. (हे सेकंदभरच करा, मोटर तापते.) बिनओझ्याचा भरधाव वेग दाखवून कोणी भुलवत असेल तरी सावध राहा. चुंबक कमजोर झालेली मोटर रिकामी असताना उलट जास्त जोरात फिरते, ओझे आले की दबते आणि करंट जास्त खाते.

मित्राच्या इंजिनातही हीच मोटर होती आणि त्याचा डिकोडर १ अँपिअरपर्यंतच सोसणारा. चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिन वळणावर अडकले. डिकोडर दोनदा बंद पडून पुन्हा सुरू झाला, तिसऱ्यांदा जळका वास आला. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

विक्रेत्याला वजनाचे आणि खरवडलेल्या कडेचे फोटो पाठवले. उत्तर आले, "फ्लायव्हील दोन लिहिल्या होत्या, दोन आहेत ना?" पितळाबद्दल अवाक्षर नाही. तोवर जाहिरातीतला 'भरीव पितळी' हा शब्द बदलून 'पितळी रंगाच्या' झाला होता. जुन्या जाहिरातीचा फोटो मी काढून ठेवला नव्हता, त्यामुळे पुढे काहीच करता आले नाही. तुम्ही पैसे देण्याआधी तो काढून ठेवा.

नवीन डिकोडर मित्राला मीच घेऊन दिला. मोटरी मात्र दोन्ही बदलायच्या होत्या. परवा दुसऱ्या एका विक्रेत्याला आधीच विचारले, चालत्या इंजिनाखालच्या रुळाची वायर उपटून दाखवाल का, हात आणि वायर दोन्ही कॅमेऱ्यात दिसू देत. त्याने काही न विचारता तासाभरात व्हिडिओ पाठवला. वायर निघाली आणि इंजिन डब्याच्या जेमतेम लांबीइतके पुढे जाऊन थांबले. पहिल्या व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. त्याच्याकडून दोन मोटरी मागवल्या आहेत, एक माझ्यासाठी, एक मित्रासाठी.