गळती, विहीर की पावसाची टाकी: पैसे आधी कुठे घालायचे?

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे पाणी वाचवायचं म्हटलं की आधी छपराखालची मोठी टाकी आठवते. हिशेबही मोह पाडणारा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी, दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी उतरतं. अडचण एवढीच, की त्यातलं बहुतेक जून ते सप्टेंबरात उतरतं. पाच हजार लिटरची टाकी साठेक मिलिमीटरच्या एका जोरदार पावसात भरते आणि पुढे नुसती वाहते. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात, म्हणजे पाऊस थांबल्यावर ती नऊ दिवस पुरणार. मे महिन्याच्या टंचाईत तिचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो भर पावसाळ्यात. ऑगस्ट २०१९मध्ये फोंडा तालुक्यात खांडेपारला जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा बाहेर पाऊस असताना तिसवाडी (पणजीचा तालुका) आणि फोंड्यातले नळ कित्येक दिवस कोरडे होते. त्या वेळी संडासाला आणि धुण्याला छपराचं पाणी हाताशी असणं मोलाचं होतं. पण एवढ्यासाठी पागोळ्यांखाली दोन पिंपं पुरतात. वर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

परसात विहीर असेल तर गणित बदलतं. छपराचं पाणी पाइपाने आणून विहिरीजवळच्या खड्ड्यात, खडी आणि वाळूच्या थरांतून जिरवायचं. कौलांवरचं शेवाळ आणि पालापाचोळा येतो म्हणून पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं. जांभ्या दगडात पाणी झटकन मुरतं, तसंच उताराकडे झटकन निघूनही जातं. म्हणून ऐन उतारावरच्या विहिरीवर मोठा खर्च करण्याआधी मी दोनदा विचार करीन. किनाऱ्याजवळ मात्र जिरवलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटतं. तिथे हे काम जरूर करावं.

तरीही माझा कौल गळतीलाच. कंटाळवाणं काम आहे, कोणी फोटो काढून मिरवणार नाही, पण फायदा बाराही महिने मिळतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो आणि त्याचा वायसर काही रुपयांत मिळतो. फ्लशची टाकी त्याहून लबाड, आवाज न करता गळते. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं समजा. जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर सोडते. ती बदलायची नसेल तर आत पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी करून ठेवा, तेवढं पाणी दर वेळी वाचेल.

मग गच्चीवरची टाकी. मोटर चालू करून माणूस बाजारात जातो आणि पाणी भिंतीवरून वाहतं, हे दृश्य पणजीपासून काणकोणापर्यंत कुठेही दिसेल. मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवून घ्या. नळाचं पाणी थेट वर चढत असेल तर साधा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारी तोटी, पुरतो. सगळं झालं की रात्री टाकी भरून बॉलकॉक बंद झाल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी नळ सोडण्याआधी पुन्हा बघा. रात्रीत कोणी पाणी वापरलेलं नसताना आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी अजून गळतंय, बहुधा मीटर ते टाकी या वाटेवरचा पाइप. तेव्हा प्लंबरला बोलवायचं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी विहीर-टाकीचा विचार सोडून आरओकडे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या शुद्धीकरण यंत्राकडे, बघावं; पाणी तिथे वाया जातं. एक लिटर पाणी गाळायला साधं आरओ तीनेक लिटर मोरीत सोडतं. नदी-धरणातून येणाऱ्या गोड्या पाण्याला बहुतेक घरांत यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) पुरतो. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा ५००च्या खाली असेल तर आरओ घेऊच नका. घेतलेलंच असेल तर त्याची नळी बादलीत सोडा, लादी पुसायला ते पाणी चालतं.