सेलेस्ट : आठ महिने, ३,१८७ मरणं आणि डावीकडे ओढणारी एक स्टिक

आधी तक्रार, कारण गेले तीन महिने तीच डोक्यात आहे.

जूनमध्ये घेतलेला कंट्रोलर नोव्हेंबरात बिघडला. डावी स्टिक सोडली की मधोमध यायला हवी, ती येईना. सेलेस्ट या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या प्रकरणात, त्या भुताच्या हॉटेलात, नायिका मॅडलिनला एका कठड्यावर उभं करून मी पाणी प्यायला हात काढला. माझ्या डोळ्यांदेखत ती स्वतःहून डावीकडे चार पावलं चालत गेली आणि खाली पडली. फुटून ठिपके झाले, लगेच त्या खोलीच्या सुरुवातीला परत उभी. पुन्हा डावीकडे चालायला लागली. पुन्हा पडली. ग्लास रिकामा होईपर्यंत हे सात वेळा झालं.

आणि ती सातही मरणं माझ्या खात्यावर जमा झाली.

सेलेस्ट खेळलेल्यांना हे का लागतं ते लगेच कळेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कवटीच्या चित्राशेजारी आकडा येतो, तुम्ही किती वेळा मेलात त्याचा. सुरुवातीच्या भागातच गेम एक पोस्टकार्ड दाखवून सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकताय. मी ते मनापासून घेतलं होतं. हॉटेलचं प्रकरण संपताना आलेला आकडा वहीत लिहून ठेवणारा मी माणूस. त्या आकड्यात मी न केलेल्या चुका मिसळल्या, याचा मला खरोखर राग आला. अजूनही आहे.

गेम २०१८च्या जानेवारीत आला, मी घेतला गेल्या जूनमध्ये, सेलमध्ये, मूळ किमतीच्या पाव भागात. उडी, हवेत एक डॅश म्हणजे झटक्यात मारलेली झेप, भिंत धरून चढणं, बस. बाकी माहिती सगळ्यांना आहे, ती सांगत बसत नाही. हा अनुभव आठ महिन्यांचा आहे आणि त्यातला बराचसा 'मेलो' आणि 'मेली' या दोन शब्दांबद्दल आहे.

झालं असं, की पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, मी खेळताना 'मेलो' म्हणतो. 'अरे, परत मेलो.' मॅडलिन मुलगी आहे, लाल केसांची, डोंगर चढायला निघालेली. मी चौतीस वर्षांचा पुरुष, हडपसरच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसलेला. तरी 'मेली' असं तोंडातून येत नाही, 'मेलो' येतं. आपल्या भाषेत क्रियापदालाच पुरुष-बाई कळते, त्यामुळे हे लपत नाही. आणि त्या दिवशी ती आपोआप चालत जाऊन पडली, तेव्हा मी काय म्हणालो? 'अगं, कुठे चाललीस?' एका क्षणात ती परकी झाली. माझ्या बोटांशी जोडलेली होती तोवर मी होतो. बोटं सुटली आणि ती कुणीतरी दुसरी बाई झाली, जिच्यावर मला ओरडता येत होतं.

हे इतकं का टोचलं, ते नीट सांगतो. हा गेम अवघड आहे, पण लबाड नाही. बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्याच्या पात्राचा कोड जाहीर केला आहे आणि त्यांतल्या प्रमुख मॅडी थॉर्सन यांनी आतले बारकावे उघडपणे समजावून सांगितले आहेत. कड्यावरून पाय सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडी मारता येते. भिंतीला प्रत्यक्ष चिकटलेलं नसलं, दोन पिक्सेल अंतर असलं, तरी भिंतीवरची उडी मिळते. उडीचं बटण जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलं तरी ते लक्षात ठेवलं जातं. उडी मारताना कोपऱ्याला डोकं जरासं लागणार असेल तर तिला हळूच बाजूला सरकवलं जातं. म्हणजे जिथे तुम्हाला वाटतं 'वा, जेमतेम पोचलो', तिथे बऱ्याचदा तुम्ही पोचलेले नसता, तुम्हाला पोचवलेलं असतं. एवढी सवलत देऊनही मेलात तर चूक तुमचीच, आणि ती कबूल करायला लाज वाटत नाही, कारण पंच तुमच्या बाजूचा आहे. मेल्यावर एका सेकंदाच्या आत परत उभे. ना गेम ओव्हरची पाटी, ना मागे पाचदहा मिनिटांची पायपीट. त्यामुळे कितीही मेलं तरी मन खचत नाही.

तो विश्वास त्या स्टिकने मोडला. दोन आठवडे मला कळेनाच की चुकतोय कोण. सरळ वर डॅश करायला जावं तर ती तिरकी जाते. मी हातांना दोष देत होतो, झोप कमी होतेय म्हणत होतो. आपण आता जमत नसलेल्या वयाचे झालो असंही एका रात्री वाटून गेलं. ते दोन आठवडे परत कोण देणार?

सर्व्हिसचा किस्सा थोडक्यात. एक वर्षाची वॉरंटी होती, बिल होतं, खोकासुद्धा होता. पहिल्या खेपेला सांगितलं, आठ दिवसांनी या. दुसऱ्या खेपेला सांगितलं, हे 'फिजिकल डॅमेज' आहे, वॉरंटीत बसत नाही. कंट्रोलरवर एक चरा नाही. मी विचारलं, कुठे आहे डॅमेज, दाखवा. काउंटरवरच्या मुलाने स्टिककडे बोट दाखवलं, 'ही घासली गेलीये.' स्टिक वापरली तर घासणारच. तिसऱ्या खेपेला पूर्ण बोर्ड बदलायचे १,४५० रुपये सांगितले, २,८०० च्या वस्तूला. मी कंट्रोलर परत घेतला आणि लेखी कारण मागितलं. ते आजतागायत मिळालेलं नाही.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. एका टपरीएवढ्या दुकानातल्या काकांनी चार स्क्रू काढले, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, 'पोटेंशिओमीटर गेलाय. आतला कार्बनचा पट्टा झिजतो, मग मधलं कुठे ते त्याला समजत नाही.' तो नखाएवढा डबा त्यांनी मला उघडून दाखवला. काळ्या पट्टीवर एका जागी चकचकीत ओरखडा होता, अगदी बारीक. मॅडलिन सात वेळा ज्याच्यामुळे पडली तो हाच. शिसं वितळवून नवा बसवला, अडीचशे रुपये घेतले. मी म्हटलं, परत झिजेल का? 'झिजणार. पुढचा घ्याल तेव्हा चुंबकावर चालणारा घ्या, हॉल सेन्सरवाला. त्यात घासायला काही नसतं.' वॉरंटीच्या तीन खेपांत मला जे कुणी सांगितलं नाही ते वीस मिनिटांत कळलं.

इथे माझं एक मत बदललं, ते लिहिणं भाग आहे. काकांनी दुरुस्ती करताना विचारलं, कोणता गेम? मी सांगितलं, आठ दिशांना उडी असते. ते म्हणाले, 'मग स्टिक कशाला, डाव्या बाजूच्या फुलीवर खेळा.' खरंच की! आठच दिशा लागतात आणि डी-पॅडवर त्या स्पष्ट मिळतात. घरी येऊन तसं खेळायला लागलो, अंगठा आठवडाभर दुखला, पण तिरके डॅश चुकणं निम्म्यावर आलं. म्हणजे आधीच्या मरणांत स्टिकचा वाटा होता तसा माझ्या निवडीचाही होता. सेलेस्ट खेळणाऱ्यांना सल्ला एकच, पहिल्या दिवसापासून डी-पॅड.

नाताळच्या सुट्टीत नांदेडहून भाची आली, अकरा वर्षांची. तिने माझ्या मांडीशी बसून अर्धा तास बघितलं आणि दर वेळी शांतपणे म्हणायची, 'मामा, ती मेली.' मी 'मेलो' म्हणत होतो, ती 'मेली' म्हणत होती, एकाच उडीला. मग तिला खेळायचं होतं. पहिल्या प्रकरणात पावणेदोनशे वेळा पडल्यावर तिचे डोळे भरले. मी असिस्ट मोड दाखवला, म्हणजे गेम आपल्यापुरता सोपा करून घ्यायची सोय.

माझा या मोडला विरोध होता, हे आधी कबूल करतो. अवघडपणा हाच या गेमचा जीव, तो काढला तर उरतं काय, असं मी ऑफिसातल्या मित्रांशी वाद घालून सांगितलेलं. भाचीने वेग सत्तर टक्क्यांवर आणला आणि भिंत धरून राहायचा दम कधी संपणार नाही असं केलं. न मरण्याचा पर्यायही तिथेच होता. तो मी दाखवला, ती म्हणाली, 'नको, मग काय मजा?' मी काही न सांगता तिने तिची रेघ स्वतः आखली. सत्तर टक्के वेगात तिच्यासाठी ती उडी तेवढीच कठीण होती जेवढी माझ्यासाठी शंभर टक्क्यांत. तिच्या तळहाताला घाम येत होता, जीभ दातांत धरलेली होती. माझं मत तिथेच गळून पडलं. अवघड म्हणजे गेममध्ये लिहिलेला आकडा नव्हे, खेळणाऱ्याच्या हातात ते ठरतं.

चौथ्या प्रकरणाच्या शेवटी ती रोपवे अडकते आणि मॅडलिनला धाप लागते, तो प्रसंग भाची खेळत होती. वाटेत भेटलेला सोबती थिओ तिला सांगतो, डोळ्यांसमोर एक पीस आण, श्वासाने ते वर-खाली तरंगत ठेव. खेळणाऱ्याला बटण दाबून-सोडून ते पीस हलत्या चौकटीत ठेवायचं असतं. आई तेव्हा मागे मेथी निवडत बसली होती. रोज पहाटे प्राणायाम करणारी बाई. ती जुडी बाजूला ठेवून बघत राहिली आणि पिसाबरोबर तिचा श्वासही वर-खाली होऊ लागला. भाचीचं पीस निसटलं तेव्हा आई म्हणाली, 'घाई करू नकोस गं बाई, सोड, हळू सोड.' ते ती भाचीला म्हणाली की मॅडलिनला, मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

पुढे सहाव्या प्रकरणात तेच पीस परत येतं. मॅडलिन शिकलेला उपाय करू बघते आणि तिची सावली, आरशातून बाहेर आलेली ती जांभळ्या केसांची, ते पीस कापून टाकते. मला माहीत असलेल्या कुठल्याच गेमने इतकं प्रामाणिक काही केलेलं नाही. एकदा उपयोगी पडलेली युक्ती दर वेळी पडत नाही, हे त्याने बटणातून सांगितलं. आणि पुढे त्या सावलीला हरवायचं नसतंच, तिच्यापर्यंत पोचायचं असतं. दोघी एक झाल्या की केस गुलाबी होतात, एकाऐवजी दोन डॅश मिळतात. जिला मी दुसऱ्या प्रकरणापासून शिव्या घालत पळत होतो तिची ताकद माझ्या बोटांत आली. त्या रात्री मी कंट्रोलर ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

थॉर्सन यांनी २०२०च्या नोव्हेंबरात लिहिलं की मॅडलिन ट्रान्स, म्हणजे पारलिंगी, आहे, आणि गेम बनवत असताना ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तिच्याबद्दलही नाही आणि आपल्याबद्दलही नाही. हे मी गेम संपवल्यावर वाचलं. माझं 'मेलो'-'मेली' त्यापुढे फारच लहान आहे, पण ते वाचून मी सहावं प्रकरण पुन्हा खेळलो आणि आरशाशी संबंधित प्रत्येक संवाद सावकाश वाचला. जिने बनवलं तिलाही या पात्रातून स्वतःकडे बघावं लागलं, तर मी 'ती' म्हणावं की 'मी', यात गोंधळलो ते बरोबरच होतं.

सातव्या प्रकरणात शिखर. मागचं प्रत्येक ठिकाण पुन्हा भेटत जातं आणि शेवटच्या टप्प्यात झेंडे लागतात, त्यांवर ३० पासून उलटे आकडे. मी तिथे पहिल्यांदा पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, मरणं २,६४०. आनंद झाला, स्क्रीनशॉट घेतला, झोपलो. भाची पोचली ती परत जायच्या आदल्या संध्याकाळी. शेवटच्या झेंड्याजवळ ती उठून उभी राहिली, कंट्रोलरची वायर ताणली गेली. वर पाय टेकला आणि ती किंचाळली, 'मामा, मी पोचले!'

दहा दिवस 'ती मेली' म्हणणारी पोर.

वाटेत गोळा केलेल्या स्ट्रॉबेरींचा गेमच्या शेवटी पाय नावाचा गोड पदार्थ होतो. त्यासाठी तिच्या एकेचाळीस निघाल्या, एकूण १७५ लाल असतात. त्या गोळा करून गेममध्ये कसलाही फायदा नाही, हे गेम स्वतःच सांगतो. तरी तिने प्रत्येकीसाठी जीव टाकला, आणि मॅडलिनचे पाय जमिनीला टेकेपर्यंत स्ट्रॉबेरी धरली जात नाही म्हणून तीनतीनदा गमावली.

आजची स्थिती : मी फेअरवेलमध्ये अडकलोय, २०१९ मध्ये फुकट आलेला तो शेवटचा भाग. एकूण आकडा ३,१८७, त्यातले सात माझे नाहीत आणि आणखी किती नाहीत याचा हिशोब लागणार नाही. कंट्रोलर अडीचशेत ठणठणीत चालतोय. नवा घेताना हॉल सेन्सर बघा आणि वॉरंटीत झीज धरली आहे की नाही ते घेण्याआधी लेखी विचारा.

काल आईने विचारलं, ते पिसाचं तेवढंच खेळता येतं का. रविवारी तिच्या नावाने वेगळी फाइल उघडून मी चौथ्या प्रकरणापर्यंत चढून देणार आहे. तिथून पुढे कंट्रोलर तिच्या हातात.