चकाचक इंजिन आणि घडी घातलेला टॉवेल

जुनी स्पोर्ट्स कार घेण्याचा मोह मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाला आणि मुंबईच्या एका उपनगरातील विक्रेत्याने तो पहिल्या भेटीतच ओळखला. गाडी जर्मन बनावटीची, दोन आसनी, सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची आणि १४ वर्षे वापरलेली होती. रत्नागिरीहून मी ती पाहायला गेलो तेव्हा त्याने आधी बॉनेट उघडले. आत धुळीचा कण नव्हता, रबरी नळ्या चकाकत होत्या, प्लास्टिकच्या झाकणाला पॉलिशचा वास येत होता. "मालकाने जिवापाड जपलीय, सर," असे तो म्हणाला आणि मी ते खरे मानले. १४ वर्षांचे इंजिन इतके कोरे दिसत असेल तर ते कालपरवाच धुतलेले असणार आणि धुतलेल्या इंजिनावर गळतीची खूण उरत नाही, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नाही. मी पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले होते; तेही मला खटकले नाही.

घरी येताना परशुराम घाटात आतमध्ये जळक्या तेलाचा वास आला. गाडी बरेच दिवस उभी होती म्हणून येत असेल, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. पुढे महिनाभर काही दिसले नाही, कारण आमचे अंगण जांभ्या चिऱ्याचे आहे आणि सच्छिद्र चिऱ्यात पडलेला थेंब मुरून जातो, त्याचा वेगळा डाग उठत नाही. या गाडीत तेल मोजायची पट्टीही नाही. पातळी पडद्यावरच पाहावी लागते. साधारण १,१०० किलोमीटर झाल्यावर त्या पडद्यावर एक लिटर तेल घालण्याची सूचना आली. विक्रेत्याला कळवले तर उत्तर आले, "स्पोर्ट्स कार आहे सर, थोडं तेल खाणारच." तेल जळून कमी होणे आणि गळून कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जळणाऱ्या तेलाचा निळसर धूर मागच्या नळीतून निघतो, आणि तो माझ्या गाडीला कधीच नव्हता.

गाडी एका गॅरेजमध्ये नेली. लिफ्टवर चढवून इंजिनाखालचे प्लास्टिकचे कव्हर काढले, तेव्हा त्यातून हॉटेलात असतो तसा एक पांढरा टॉवेल खाली पडला. पांढरा म्हणजे फक्त कडेला. बाकीचा काळाकुट्ट आणि तेलाने जड झालेला होता. तो वाऱ्याने उडून अडकलेला नव्हता, चार घड्या घालून नेमका थेंब पडण्याच्या जागी बसवलेला होता. गॅरेजचा पोऱ्या तो कचऱ्यात टाकत होता; मी मागून घेतला आणि जागच्या जागी फोटो काढले.

त्यानंतर मी दुसऱ्यांदा फसलो, आणि याचा मला पहिल्यापेक्षा जास्त राग आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून तेल ठिबकत होते, म्हणून गॅरेजवाल्याने क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, तेल अडवणारे मागचे सील गेल्याचे ठरवले. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ७२,००० रुपये मोजले आणि पंधराव्या दिवशी त्याच जागी पुन्हा थेंब दिसला.

अखेर मिरकरवाड्यात मासेमारीच्या लाँचची डिझेल इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी असली गाडी जन्मात उघडली नव्हती. "तेल वरून खाली येतं, भाऊ, थेंब पडतो तिथं नाही, सुरुवात कुठं होते तिथं बघायचं," असे म्हणून त्यांनी इंजिन डिग्रीझरने पुसले, कोरडे होऊ दिले आणि मुलांना लावायची टाल्कम पावडर सगळ्या जोडांवर भुरभुरली. इंजिन वीस मिनिटे चालवून बंद केल्यावर छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आम्ही वाकलो. सिलिंडर हेडवरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक ओली रेघ पावडरीत उतरली होती. तिचा एक फाटा तापलेल्या एक्झॉस्टकडे आणि दुसरा गिअरबॉक्सच्या जोडाकडे गेला होता. घाटातला वास आणि मागचा थेंब, दोन्हींचा उगम तोच होता. मग त्यांनी इंजिन पुन्हा चालू करून तेल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. तो किंचित आत ओढला जायला हवा होता, पण फुग्यासारखा फुगला. इंजिनातली वाफ बाहेर नेणारा मार्ग तुंबल्याने आत दाब साठत होता, आणि तोच दाब झाकणाखालच्या कडक झालेल्या गॅस्केटमधून, म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणाऱ्या पट्टीतून, तेल बाहेर ढकलत होता. नुसते गॅस्केट बदलले असते तर तेही टिकले नसते. झाकण, गॅस्केट आणि वाफेचा मार्ग मिळून खर्च ३१,००० आला. मागच्या सीलला हात लावायची गरजच नव्हती.

विक्रेत्याने आता हात वर केले आहेत. करारावर विक्रेता म्हणून आधीच्या मालकाचे नाव आहे, 'जशी आहे तशी' असे छापलेले आहे, आणि आपण केवळ मध्यस्थ होतो असे तो सांगतो. पैसे मात्र त्याच्याच खात्यात गेले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मी सही करण्याआधी मागायला हवे होते, तसेच गाडी थंड असताना पाहायला आणि खालचे कव्हर माझ्यासमोर काढून घ्यायला हवे होते. कव्हर काढायला त्याने नकार दिला असता तर माझा निर्णय तिथेच झाला असता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे मला मुंबईला खेटे घालावे लागले नाहीत. रत्नागिरीतच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पैशांच्या पावत्या, संदेश आणि फोटो जोडले आहेत. टॉवेल जाड प्लास्टिकमध्ये बांधून पडवीत ठेवला आहे. विक्रेत्याचे लेखी उत्तर सात पानांचे आले आहे आणि त्यात टॉवेलचा उल्लेख कुठेही नाही.